लिंबू-टिंबू

इथे आधी हे शिकावं लागलं:
पिवळं ते लेमन, हिरवं ते लाइम.
आमच्याकडे दोन्ही एकच,
फक्त वय वेगळं.
झाडावर हिरवं, टोपलीत पिवळं,
बरणीत तपकिरी,
आणि सातव्या वर्षी काळं झालं
की ते औषध.

चुन्यालाही इथे लाइमच म्हणतात.
पहिल्या आठवड्यात सुपरमार्केटातून आणलं,
पस्तीस पेन्सला एक,
कापलं तर नुसती साल, रस चार थेंब.
म्हटलं, नाव बरोबर आहे.
चुनाच लावला.

आता फ्रीमन स्ट्रीटवर हेमीनकडून आणते.
तो कुर्दी. लिंबू उचलून कानाशी नेतो,
का, ते मी विचारलेलं नाही.
मी हुंगते, तो ऐकतो,
पाच घेतली की सहावं तोच टाकतो पिशवीत.
एकदा वाळलेली दिली, काळी, हलकी,
आत बिया वाजणारी.
पोटावरून हात फिरवून दाखवला.
भाषा तेवढीच पुरली.

आई फोनवर:
कोमट पाण्यात अर्धं पिळ, मध घाल,
अनशापोटी घे, वजन उतरतं.
सहा महिने घेतलं.
वजन होतं तिथेच आहे,
दात मात्र शिवशिवायला लागले,
आणि ग्रिम्सबीत दातांचे डॉक्टर
नवीन नावं लिहून घेत नाहीत.
आईला सांगितलं, फरक पडतोय.

हॅडॉकला मीठ, हळद, अर्धं लिंबू.
तव्यावर टाकलं की खालची ब्रेंडा दार वाजवते,
व्हिनेगर नाही का गं तुझ्याकडे,
म्हणते, आणि बशी पुढे करते.
उरलेल्या सालींनी तांब्या घासते.
तांब्यात सध्या डॅफोडिल्स आहेत.

सतरा नंबरच्या खोलीत ग्रॅनविल आजोबा.
उमर गेली ट्रॉलरवर, आइसलंडच्या पाण्यात,
आता पाणीसुद्धा पावडर घालून
घट्ट करून द्यायचं, चमच्यानं,
नाहीतर ठसका.
मी चाखून पाहिलंय ते.
चव काहीच नसते,
आणि ते काहीच बराच वेळ तोंडात राहतं.

नर्सला विचारून, फाइलवर सही घेऊन
त्यात लिंबू पिळलं. चिमूट मीठ, साखर.
दोनदा गाळलं.
पहिल्या चमच्याला तोंड असं वाकडं केलं
की मी घंटीकडे हात नेला.
मग म्हणाले, माझ्या पणजोबाला
बोटीवर हे सक्तीनं पाजायचे,
नाही प्यायलं तर पगार कापायचे.
खरं की थाप, कोण जाणे.
जीभ पुन्हा बाहेर आली होती.

बुधवारी बिंगो.
त्यांना आकडे ऐकू येत नाहीत,
तरी कागद पुढे ठेवायचा,
खुणा मी करते, मोजत कोणी नाही.
म्हटलं, आमच्याकडे अशा भिडूला
लिंबू-टिंबू म्हणतात.
पळतो, लपतो, पकडला तरी आउट नाही.
राज्य त्याच्यावर कधीच येत नाही.
कधीच नाही?
कधीच.
मग चांगलंय की, म्हणाले.

मी काही बोलले नाही.
शाळेमागच्या मैदानात
गुडघा फुटलेली एक मुलगी ओरडत होती,
माझ्यावर राज्य द्या,
द्या की एकदा तरी.

काल रात्री दोन डझनांच्या फोडी केल्या.
ऊन नाही, म्हणून बरणी बॉयलरच्या कपाटात,
टॉवेलांच्या शेजारी.
मिठानं, आंबटानं अंगठ्याची कातडी गेली.
सकाळी हजेरीचं यंत्र म्हणालं,
ओळख पटत नाही.
पुन्हा ठेवा.

अंगठा चाटला.
बाहीला पुसला.
पुन्हा ठेवला.